आपली देशगीते कोणाला उद्देशून?

पंधरा आणि सोळा ऑगस्ट या दोन तारखा चिमूरच्या माणसाला एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. पंधराला साऱ्या देशाचा स्वातंत्र्यदिन आणि सोळाला चिमूरचा स्वतःचा शहीद स्मृतिदिन. त्यात आम्हां कॅथलिकांच्या पंचांगात पंधरा तारीख हा मरियामाता सदेह स्वर्गात घेतली गेल्याच्या सोहळ्याचाही दिवस. संगीतशिक्षकाची नोकरी केलेल्या माणसाला या दोन दिवसांत उसंत म्हणून मिळत नाही. सकाळी शाळेत ध्वजवंदन, तेथून पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून मिस्सासाठी प्रार्थनामंदिरात, आणि दुसऱ्या दिवशी हुतात्म्यांच्या स्मृतीपुढे मुलांचे समूहगान. एकच पेटी, एकच तबलजी, मुलेही बहुतेक तीच. गाणी मात्र तीन ठिकाणी तीन तऱ्हांची. तीस-बत्तीस वर्षे हा क्रम आम्ही पाळला. ही गाणी एकमेकांशी काय बोलतात याचा विचार मात्र फार उशिरा सुचला, आणि तोही एका विद्यार्थिनीने भाग पाडला म्हणून.

आधी एक कबुली दिली पाहिजे. या लेखात ज्या गीतप्रकारावर आम्ही टीका करणार आहोत, त्यातील एक गीत आमचेच आहे. फार वर्षांपूर्वी एका समारंभात एका पाहुण्यांनी व्यासपीठावरून उतरताना, अगदी हसत हसत, आम्हांला विचारले होते की तुमच्या प्रार्थनेत देशाला काही जागा असते काय. प्रश्न साधा होता, पण तो मनात सलत राहिला. पुढल्या पंधरा ऑगस्टच्या आत आम्ही एक गीत रचून, चाल बांधून, मुलांकडून बसवून घेतले. पहिल्या कडव्यात हिमालय आणि गंगा, दुसऱ्यात सर्व धर्मांची नावे, तिसऱ्यात आम्हीही या मातीसाठी रक्त सांडले आहे अशी ग्वाही, आणि शेवटी प्रभू येशूला आशीर्वादाची विनंती. ताल केरवा, लय कवायतीची. गीत लोकांना आवडले. आसपासच्या मिशन-केंद्रांतही ते गेले. आम्ही सुखावलो.

कित्येक वर्षांनी तालमीच्या वेळी मागच्या रांगेतील सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हे गानं आपून कोनाले म्हनून दाखवतो जी?"

आम्ही म्हटले, "देवाला." ती गप्प बसली, पण तिचे समाधान झालेले दिसले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही नाही. कारण त्या गीताची पहिली तीन कडवी देवाला उद्देशून नव्हतीच. ती देशालाही उद्देशून नव्हती. ती त्या पाहुण्यांना उद्देशून होती.

आमच्या मते स्वातंत्र्यदिनी आपल्या मंदिरांतून गायिल्या जाणाऱ्या बहुसंख्य गीतांचे मूळ दुखणे हेच आहे. शब्द कमअस्सल आहेत, चाली चित्रपटांवरून उचलल्या आहेत, ही तक्रार खरी असली तरी दुय्यम आहे. पहिली गोष्ट अशी की या गीतांचा श्रोता चुकला आहे. कुंपणापलीकडून कोणी संशयाने पाहत आहे अशी कल्पना करून ती गायिली जातात. जे गीत दाखला म्हणून सादर होते त्यात खोटे फारसे नसते, पण खरेही फार थोडे मावते. कारण दाखल्यावर माणूस आपले दुःख लिहीत नाही, आपली चूक लिहीत नाही, शेजाऱ्याचे नावही लिहीत नाही.

ही तपासणी करायला चिमूरइतकी चांगली जागा दुसरी क्वचितच असेल. येथे गाण्याची आणि देशभक्तीची गाठ एकदा अशी पडली की तिचे चटके अजून आठवणीत आहेत. १६ ऑगस्ट १९४२, रविवार, नागपंचमीचा दिवस. मुंबईच्या गवालिया टँकवरील 'चले जाव'च्या ठरावाला आठवडा लोटला होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी हा सारा मुलूख आधीच भारलेला होता. चिमूर तालुक्यातील गोंदेड्याच्या वनात त्यांनी तपश्चर्या केली, म्हणून येथील लोक त्यांना परके मानीतच नसत. त्या दिवशी मिरवणूक निघाली, पोलिसांचा गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा तरुण हुतात्मा झाला. संतापलेल्या जमावाच्या हातून काही सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या आल्या, धरपकड झाली, गावावर सामुदायिक दंड बसला आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भणसाळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले; ते जानेवारी १९४३ मध्ये सुटले. चिमूर आणि त्याच दिवशी पेटलेले वर्धा जिल्ह्यातील आष्टी यांची नावे तेव्हापासून जोडीने घेतली जातात. खुद्द महाराजांना ऑगस्टअखेर चंद्रपूर येथे अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांतून ते डिसेंबरात सुटले.

भजन म्हटल्याबद्दल तुरुंग! संगीतशिक्षक म्हणून या गोष्टीचा आम्हांला हेवा वाटतो, हे लपवीत नाही. आमच्या गीताची कोणत्याही सरकारने कधी दखल घेतली नाही, आणि घेण्यासारखे त्यात काही नव्हतेही.

तुकडोजी महाराजांच्या भजनाचे बळ कशात होते? सुरांत म्हणाल तर त्या चाली अगदी साध्या; पाच-सहा स्वरांच्या पलीकडे सहसा न जाणाऱ्या. खंजिरी हे वाद्यही काय, तर लाकडी कड्यावर ताणलेले कातडे आणि कडेला खुळखुळणाऱ्या चकत्या. एका हातात धरायचे, दुसऱ्याने वाजवायचे, चालता चालताही वाजवता येते. पेटीला बसायला जागा लागते, ऑर्गनला तर भिंतीच लागतात; खंजिरीला माणूस पुरतो. ओळ आखूड. पुढचा म्हणतो, मागचे उचलतात, आणि दुसऱ्या फेरीला ती ओळ सगळ्यांची झालेली असते. भाषा कधी मराठी, कधी हिंदी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक भजनाला आपण कोणाशी बोलतो आहोत हे पक्के ठाऊक असते. देवाला आळवायचे असेल तर देवाला, शेतकऱ्याला सांगायचे असेल तर शेतकऱ्याला, आणि राज्यकर्त्याला सुनवायचे असेल तर थेट राज्यकर्त्याला. आपण देशभक्त आहोत हे तिऱ्हाइताला पटवून देण्याचा खटाटोप त्यांत दिसत नाही.

येथेच आमच्या ख्रिस्ती मनाला एक अडचण जाणवते आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या दिवशी जे अधिकारी मारले गेले ते परक्या सरकारचे चाकर होते, पण माणसेही होती. त्यांच्याही घरी त्या संध्याकाळी कोणी वाट पाहत असेल. गाण्याने लोक जागे झाले आणि जागे झालेल्या लोकांच्या हातून हत्याही घडली. यात गाण्याचा वाटा किती, गोळीबाराचा किती, हे ठरविणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. सोळा ऑगस्टला स्मृतिगीत बसविताना आम्ही मुलांना हुतात्म्यांची गोष्ट सांगत असू. त्या दुसऱ्या मृतांबद्दल कधी बोललो नाही. वैऱ्यावरही प्रीती करावी असे शिकविणाऱ्या प्रभूचे नाव रोज घेणाऱ्या शिक्षकाकडून हे का राहून गेले, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. भणसाळींचे उपोषण आम्हांला या प्रसंगात वारंवार आठवते. त्या दिवसांत साऱ्या देशात घोषणा दुमदुमत असताना एक माणूस सेवाग्रामच्या परिसरात अन्न वर्ज्य करून, दुसऱ्यांच्या लेकीसुनांसाठी स्वतःचा देह झिजवीत होता. आपल्या उपवासकाळातील धर्मोपदेशांत संतांच्या जोडीने या माणसाचे नाव यायला हरकत नव्हती. आमच्या ऐकण्यात ते कधी आले नाही.

आता आपल्या परंपरेकडे वळू. मराठी ख्रिस्ती काव्याला देशी वळण नव्याने लावावे लागलेले नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट साष्टीत बसून ओव्या रचीत होता आणि १६१६ साली त्याचे ख्रिस्तपुराण छापून झाले. ते पुराण गोव्याच्या देवळांतून गायिले जात असे. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला, तेव्हा या गायनाचा कंठ आवळला गेला. परंतु देशभक्ती आणि ख्रिस्तभक्ती या दोहोंचा प्रश्न ज्याने स्वतःच्या आयुष्यात अंगावर घेतला असा कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. पण त्यांची भजने आपल्याही मंदिरांत म्हटली जातात, आणि म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना ती कोणाची हे माहीतही नसते.

विदर्भाच्या वाचकांनी टिळकांवर थोडा अधिक हक्क सांगायला हरकत नाही. जन्म १८६१ सालचा, कोकणातल्या करजगावचा. पण त्यांच्या जीवनाला वळण लागले ते नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यात. तेथे भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल ठेवले. डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक थांबले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर घरची जी वाताहत झाली ती लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त ज्यांनी वाचली आहे त्यांना पुन्हा सांगायला नको. देशबांधवांना ते बाटलेले वाटत आणि मिशनच्या गोऱ्या मंडळींना त्यांचा स्वदेशाभिमान जरा जास्तच वाटे. असा दोन्हीकडून संशय वाट्याला आलेला माणूस दाखला-गीते लिहिता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती.

टिळकांनी ती लिहिली नाहीत. त्यांची देशविषयक कविता वाचताना आम्हांला पुन्हा पुन्हा जाणवते ती हीच गोष्ट की हा कवी खुलासा करीत नाही. देशाशी तो मुलाने आईशी बोलावे तसे बोलतो, लाडाने आणि रागावूनही. ख्रिस्ताशी बोलतो तेव्हा अभंगाची, तुकारामाची बोली वापरतो. ही बोली आपल्याला शोभेल काय असे कोणाला विचारीत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्धच आहे. त्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. टाळ-मृदंग त्यांच्या भजनात शोभेपुरते आलेले नाहीत, त्यांची ओळच टाळावर बेतलेली आहे. हे आम्ही पेटीवर हात ठेवून सांगतो: टिळकांचे भजन आणि आमचे पंधरा ऑगस्टचे गीत एकापाठोपाठ एक वाजवून पाहावे. पहिल्यात श्वास कोठे घ्यायचा ते शब्दच सांगतात. दुसऱ्यात गाणाऱ्याला धाप लागते, कारण शब्द कागदावर जुळवलेले आहेत आणि कवायतीची लय वरून लादलेली आहे.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' या नावाने ख्रिस्तभक्तांची मोकळी बंधुता उभारू पाहिली. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही तेथे बसावेत ही त्यांची कल्पना. दोनच वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. कॅथलिक दृष्टीने त्या कल्पनेतील काही गोष्टी आम्हांला मान्य होणाऱ्या नाहीत. संस्कारांवाचून ख्रिस्तसभा आम्ही कल्पू शकत नाही. पण नोकरीवर पाणी सोडून आपले म्हणणे जगून पाहणाऱ्या कवीच्या ओळीला जे वजन येते, ते आमच्यासारख्या निवृत्तिवेतनधारकाच्या ओळीला कोठून येणार!

जाता जाता आणखी एक. स्वातंत्र्यदिनाच्या भाषणांत आपले वक्ते काका बॅप्टिस्टांचे नाव हमखास घेतात. १९१६ साली स्थापन झालेल्या लोकमान्यांच्या होमरूल लीगचे ते पहिले अध्यक्ष, पुढे मुंबईचे महापौर. नाव घ्यावे असेच आहेत. तसेच गोव्याच्या माजोर्ड्याचे व्हायोलिनशिक्षक अँथनी गोन्साल्विस. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य, आणि 'अमर अकबर अँथनी'तील ते गाजलेले गाणे या गुरूच्या नावावरून आलेले. १९५८ साली भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्याचा घाट या संगीतशिक्षकाने घातला. त्या पिढीतील गोमंतकीय वादकांनी, ज्यांनी सोल्फेजचे धडे चर्चच्या शाळेत गिरविले होते, हिंदी चित्रपटांतील कितीतरी देशभक्तिपर गाण्यांना साथ केली. सारा देश ती गाणी ऐकून डोळे पुसतो; व्हायोलिन कोणाच्या हातात होते ते कोणी विचारीत नाही. बॅप्टिस्ट किंवा गोन्साल्विस आपले काम करीत होते. त्यांच्या नावाचे दाखले आपण मागाहून केले.

राष्ट्रगीताविषयी संगीतशिक्षकाला बोलायचे असते ते बहुधा उच्चारांविषयी आणि लयीविषयी. बावन्न सेकंदांचे गीत मुले चाळीसात उरकतात, शेवटच्या जयकाराला सूर चढवतात, आणि आम्ही छडी न वापरता ते खाली आणण्याची खटपट करतो. पण त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही राष्ट्रगीतही त्याच कसोटीला लावून पाहिले. हे गीत कोणाला उद्देशून आहे? २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात ते प्रथम गायिले गेले. त्याच सुमारास इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज भारतात असल्याने ते त्याच्या स्तुतीचे आहे असा प्रवाद उठला. १९३७ साली रवींद्रनाथांनी एका पत्रात तो झटकून टाकला. शब्द नीट पाहिले तर जयजयकार भूमीचा नाही, राजाचा नाही, लोकांचाही नाही. भारताचे भाग्य जो घडवितो त्याचा आहे. प्रांतांची आणि नद्यांची नावे येतात ती त्याच्यापुढे जागी होऊन उभी राहण्यासाठी. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत राष्ट्रगीत म्हणून जाहीर झालेली ही रचना व्याकरणाने एक प्रार्थना आहे. कोणत्याही नावाने हाक मारली तरी ज्याच्यापुढे आपण गुडघे टेकतो त्याच्यापुढेच देशाला उभे करणारी ही प्रार्थना ख्रिस्ती मुलाला म्हणताना कसला संकोच वाटावा? तिला आजची स्वरलिपी मिळाली ती १९१९ साली मदनपल्लीत, मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईच्या हातून, हाही एक गमतीचा योग.

ज्यांना संकोच वाटला त्यांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. केरळातील 'यहोवाचे साक्षीदार' पंथाच्या तीन भावंडांना १९८५ मध्ये शाळेतून काढले गेले. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेपायी गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. आदराने उभे राहणे हा अनादर नव्हे आणि गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही, असा त्याचा आशय. आपण कॅथलिक त्या पंथाशी सहमत नाही, आपण गातो. पण वर्गात सर्वांच्या पुढे उभे राहून मुलांची तोंडे पाहणाऱ्या शिक्षकाला हा निकाल पटतो. ओठ हलविणारे सगळेच गात असतात असे नाही, हे आमच्याइतके कोणाला माहीत असणार? मागे एक मुलगा वर्षभर राष्ट्रगीताला नुसता उभा राही. चौकशी केली तेव्हा कळले की त्याचा आवाज फुटत होता आणि हसतील म्हणून तो लाजत होता. आम्ही त्याच्या देशभक्तीवर मनातल्या मनात शेरा मारून मोकळे झालो होतो.

आपली ख्रिस्तसभा याबाबत संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक सनदेने मिशन-प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मानाचे स्थान देण्यास सांगितले. डिसेंबर १९६५ च्या मिशनकार्याविषयीच्या हुकूमनाम्याने ख्रिस्ती माणसाने देशावर खरे, कृतीत उतरणारे प्रेम करावे, मात्र वंशद्वेष आणि अतिरेकी राष्ट्रवाद यांपासून दूर राहावे, असे बजावले. फादर जॉर्ज प्रोक्श या जर्मन धर्मगुरूने अंधेरीच्या ज्ञान आश्रमातून भारतीय रागांवर भक्तिगीते बांधली. म्हणजे परवानगी आहे, वाटही दाखविलेली आहे. आपण त्या परवानगीचे काय केले? बहुतेक ठिकाणी लॅटिन चालींच्या जागी चित्रपटांच्या चाली आणल्या आणि देशीकरण झाले असे समजलो.

आणि ज्या गीतापासून सुरुवात करायला हवी होती ते दरवर्षी आपल्या हातात असते. पंधरा ऑगस्टच्या सोहळ्याला लॅटिन उपासनाविधीत लूककृत शुभवर्तमानातून मरियेने अलीशिबेच्या घरी गायिलेले स्तोत्रगीत वाचले जाते. आपण ते ऐकतो आणि लगेच हिमालय-गंगेकडे वळतो. खेड्यातल्या एका गरीब, गरोदर मुलीचे हे गाणे. तिच्या देशावर रोमचे राज्य, गादीवर हेरोद. ती देवाचे गुणगान करते, आणि त्यातच बलाढ्यांना आसनांवरून खाली ओढणारा, भुकेल्यांना तृप्त करणारा, धनिकांना रिकाम्या हातांनी परत पाठविणारा देव तिला दिसतो. आपल्या पूर्वजांना दिलेल्या वचनाची तिला आठवण आहे. आपल्या लोकांचा इतिहास ती स्वतःच्या उदरात वागविते. देशाभिमान हवा असेल तर तो येथे आहे. परंतु तिची ओळ एकदाही हेरोदाच्या शिपायांकडे पाहून म्हटलेली नाही. शिपायाने ऐकली असती तर तिला पकडले असते, असेच आम्हांला वाटते. मरियेचे गीत चिमूरच्या खंजिरीच्या फार जवळचे आहे. फरक इतकाच की खाली ओढण्याचे काम ती देवाकडे सोपविते. त्या फरकापाशी आम्ही सोळा ऑगस्टच्या मृतांचा विचार करीत अजून थांबलेलो आहोत.

मरियेच्या गीतात भुकेले आहेत. आमच्या गीतात कोण होते? हिमालय आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. उमा नदी गावालगत वाहते, तिचे नाव नव्हते. ताडोब्याचे जंगल दाराशी आहे. एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला आणि मेमध्ये तेंदूपत्ता तोडायला भल्या पहाटे बायाबापड्या त्यात शिरतात, आणि वाघाच्या तडाख्यात सापडलेली एखादी परत येत नाही. अशा घरातील मुले आमच्या गायनवृंदात होती. त्यांच्या तोंडी आम्ही गंगा घातली. देश म्हणजे नकाशा अशी आमची समजूत होती. त्या मुलीच्या लेखी देश म्हणजे आई संध्याकाळी ज्या वाटेने परतते ती वाट असणार. नकाशालाही आमचा विरोध नाही. पण शेजारच्या गावाचे नाव घ्यायला जे गीत लाजते त्याने कन्याकुमारीपर्यंत जाऊ नये.

ही समीक्षा आम्ही गायनवृंदापुढे तोंडी मांडली तेव्हा विरोध झाला. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, हे गीत आता सर्वांना पाठ आहे, लोक मनापासून म्हणतात, ते काढू नका. एका मावशींनी तर सुनावले की तुम्हांला आता ते खोटे वाटत असेल, पण आम्ही म्हणतो तेव्हा ते खरेच असते. या बोलण्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. रचणाऱ्याचा हेतू आणि गाणाऱ्याचा भाव एक असावा लागतो असे नाही, हे समीक्षेच्या पुस्तकांत आम्ही वाचले होते. कळले त्या दिवशी. शेवटी असे ठरले की चाल तीच ठेवायची, लय निम्म्याने उतरवायची, दाखल्याची कडवी काढून त्या जागी नवी घालायची, आणि पेटी बाजूला ठेवून खंजिरीवर म्हणून पाहायचे.

दोन कडवी झाली आहेत. पहिले मरियेच्या स्तोत्रगीताच्या आशयावर आहे. दुसऱ्यात उमा नदी आहे, मोहाची झाडे आहेत, जंगलातून न परतलेल्यांसाठी विनंती आहे. मागच्या रांगेत प्रश्न विचारणारी ती मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे आणि तिची लेक वृंदात पहिल्या रांगेत उभी असते. दुसऱ्या कडव्यातील चार शब्द तिने बदलायला लावले, कारण आमचे शब्द पुस्तकी होते आणि मोहफुले वेचणाऱ्या बाईच्या तोंडी ते बसत नव्हते. तिसरे कडवे सोळा ऑगस्टचे आहे. बालाजी रायपूरकरासाठी ओळ सुचली. त्याच दिवशी जमावाच्या हातून गेलेल्यांसाठी सुचत नाही. तिसऱ्यांदा खोडली आहे. तालीम शनिवारी आहे.